फुलोऱ्यातलं विमान

"खर्चा बिलकुल न्हाई, हुजूर! अन् विमान असं करतो, की बघणाऱ्यानं आधी डोक्यावर हात धरला पाहिजे!"

झालं! उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. टेंभुर्णीचे दीनानाथ मास्तर हे बोलून गेले आणि खाली बसता बसताच त्यांना कळलं, की आता विमान करावं लागणार.

लढाईचे दिवस होते. भादव्यात जालन्याला मोठी नुमाइश भरायची होती, म्हणजे लढाईचं प्रदर्शन. शाळा तपासायला आलेल्या मोहतमिम साहेबांनी फर्मावलं होतं, की हरेक शाळेनं लढाईतली एक चीज हुबेहूब बनवून पाठवावी. पैसा मिळणार नाही. हे ऐकताच हेडमास्तर बद्रीनाथ जमिनीकडे बघायला लागले. जमिनीकडे बघणाऱ्याला सरकार कधी काही विचारत नाही, ही अक्कल त्यांना नोकरीनं शिकवली होती. दीनानाथ मास्तरांची नोकरी अजून कच्ची होती. ते वर बघत होते!

साहेब खूष झाले. "हवाई जहाज? वाह! देखो मास्टर, जहाज अच्छा निकला तो तुम यहीं मुस्तकिल. नहीं निकला, तो आसिफाबाद में एक जगह खाली है."

मुस्तकिल म्हणजे नोकरी पक्की. आणि आसिफाबाद म्हणजे रियासतीचं पार दुसरं टोक. तिथली भाषा तेलुगू, तिथलं रान असं की दुपारी कंदील लावावा! हे ऐकीव झालं. पण तिथून हिवताप घेऊन परतलेला एक मास्तर दीनानाथांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तो बिचारा भर वैशाखात घोंगडी पांघरून बसायचा. नुकतं लग्न झालेलं, घरी म्हातारी होऊ घातलेली आई. यांना घेऊन त्या रानात जायचं? छे, छे! विमान झालंच पाहिजे, आणि चांगलंच झालं पाहिजे.

मास्तर कामाला लागले. वाण्याच्या पुडीच्या कागदावर विमानाचं एक चित्र सापडलं. विमानाशेजारी एक गोरा शिपाई उभा होता. मास्तरांनी त्याला साडेपाच फूट धरला आणि त्याच्या उंचीनं सगळं विमान मोजून काढलं. एका फुटाला एक इंच, असं माप ठरलं. हे माप सोडायचं नाही, अगदी शेपटीच्या टोकालाही नाही. माप चुकलं की विमानाची घूस होते, असं त्यांचं मत होतं, आणि पहिल्या खेपेला झालीही होती.

सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. अंग जोंधळ्याच्या धाटांचं. वरून पतंगाचा कागद, खळीनं एकावर एक चिकटवलेला. खाचाखोचा भरायला शाळेतल्या खडूची पूड बाभळीच्या डिंकात कालवली, आणि वाळल्यावर विटेच्या तुकड्यानं घासून घासून अंग असं गुळगुळीत केलं की त्यावर माशी बसली तर घसरावी! पंखा रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा, बोट लावलं की भिरभिरणारा. चाकांना स्वतःच्या लग्नाच्या कोटाची दोन काळी बटणं. पंखांवर सरकारी विमानाची गोल निशाणी हवी, तर मधे कुंकू, भोवती चुना, त्याच्याभोवती नीळ. शेपटीवरही त्याच तीन रंगांचे पट्टे. बसायच्या जागेवर अभ्रकाचं झाकण. आणि आत विमान चालवणारा हवा, म्हणून एक चिकणी सुपारी! तिला काजळानं डोळे काढले, की शिपाई हजर. खरोखर, विमान देखणं झालं. मास्तर स्वतःच तासन् तास बघत बसायचे.

आता तुम्ही म्हणाल, कुंकू, नीळ, काजळ, अभ्रक, हे सगळं आलं कुठून? आलं बायकोच्या पेटीतून! खर्चा बिलकुल नाही म्हणजे तो दुसऱ्याचा, हे सांगायला का पाहिजे?

एके दिवशी अरुंधतीनं त्यांना पेटीत कोपरापर्यंत हात घातलेला असताना पकडलं.

"अहो! माझ्या पेटीत काय शोधून राह्यले तुमी? लक्ष्म्यांसाठी आणलेलं बेगड हाय ते!"

खरं सांगावं तर बेगड परत द्यावं लागणार. नाकावर बेगड लावायचं बाकी होतं. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "लक्ष्म्यांसाठीच तर करून राह्यलो एक चीज! आत्ताच कोनाला सांगू नको."

अरुंधतीचे डोळे भरून आले. घरातल्या पुरुषानं महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी आपण होऊन काही करावं, हे त्या घरात कधी घडलंच नव्हतं. तिनं बेगडाचा आख्खा ताव हातात दिला. मास्तरांना क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी नाकाला बेगड लावलं आणि वाईट वाटायचं थांबलं.

तयार विमान माळ्यावर ठेवलं, वर धोतर झाकलं. लक्ष्म्या बसल्या त्या दिवशी मास्तर शाळेत होते. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार, विमान बघणार, आणि पसंत पडलं तर जालन्याला नेणार, असा निरोप आला होता. मास्तर संध्याकाळी शीळ घालत घरी आले. दारात बायकांच्या वहाणांचा ढीग!

"या, या!" अरुंधती धावत आली. "डोळे मिटा बरं! आता उघडा!"

मास्तरांनी डोळे उघडले.

मधे ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या, नव्या लुगड्यांत, मुखवटे तेजाळलेले. त्यांच्या डोक्यावर दोऱ्यांनी बांधलेला फुलोरा. करंज्या, साटोऱ्या, तळलेली वेणी, तळलेली फणी. आणि या सगळ्या तळणाच्या मधोमध, चार दोऱ्यांनी लटकलेलं विमान! खालच्या समयांच्या उबेनं त्याचा पंखा हळूहळू फिरत होता. बायका तोंडात बोटं घालून वर बघत होत्या.

"अगं बाई, लक्ष्म्या यंदा विमानातून आल्या!" शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या.

मास्तरांनी आईला स्वयंपाकघरात गाठलं. आई म्हणजे दुर्गाबाई. गावात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

"माय, ते विमान साहेबांचं हाय. उद्या सकाळी द्यायचंय. मी काढून घेतो."

"काढून घेतो? लक्ष्म्या बसल्या की उठेपर्यंत आराशीतली काडीसुद्धा हलत न्हाई, ठाव न्हाई तुला? अन् त्यात तर गणपती बसलाय."

"गणपती? कुठला गणपती?"

"सुपारीचा! तूच बसवलास न्हवं?"

"माय, तो पायलट हाय!"

"जिभेला हाड हाय का तुझ्या? सुपारी मांडली की गणपती. डोळेसुद्धा काढलेस त्याला! अन् तूच म्हन्लास न्हवं बायकोला, लक्ष्म्यांसाठी करून राह्यलो म्हणून?"

"ते... ते मी खोटं बोललो, माय."

दुर्गाबाईंच्या हातातली पळी खाली पडली. "लक्ष्म्यांच्या नावानं खोटं? चल! कान धर! आधी नाक घास त्यांच्यापुढं!"

बायकांनी भरलेल्या घरात मास्तरांनी देवीपुढे नाक घासलं. घासताना नजर वर होती. पंखा फिरतच होता. आसिफाबाद जवळ येत होतं.

रात्रभर विचार करून मास्तरांनी बेत ठरवला. आत जायला सोवळं पाहिजे ना? ठीक! भल्या पहाटे गार पाण्यानं आंघोळ केली, ओलं सोवळं नेसलं, कुडकुडत आत शिरले, पाट ओढला, त्यावर चढले. हात पहिल्या दोऱ्याला लागला, आणि मागून आवाज आला.

"बरं झालं बाई, आंघोळ केलीस!"

मास्तर पाटावरच गोठले.

"गुरुजींना ताप भरलाय म्हणून निरोप आलाय," दुर्गाबाई म्हणाल्या. "पूजेला कोण बसतं म्हणून माझा जीव टांगणीला लागल्ता. आता सोवळ्यात हायेसच, तर बस. पाटसुद्धा घेतलास! शहाणं गं माझं बाळ!"

झाली का पंचाईत! नाही म्हणावं तर पाटावर का चढला होतास, हे सांगावं लागणार. मास्तर मुकाट्यानं बसले. पूजा महालक्ष्म्यांची, म्हणजे काही दोन फुलं वाहून उठायचं काम नव्हे. पोथी लहानपणी वडिलांनी घोकून घेतलेली, तेवढ्यावर गाडी सुरू झाली. पान उलटलं की तेवढंच पान पुढे दिसायचं. ऊन ओसरीवर चढलं, सोवळं अंगावर वाळलं. एवढ्यात खिडकीत बद्रीनाथ हेडमास्तरांची पगडी उगवली.

"मास्तर! साहेब आले! जहाज कुठंय?"

मधे बोललं तर आई मारते, न बोललं तर साहेब. मास्तरांनी मंत्राच्याच चालीत सांगितलं, "तयार हाय म्हणून सांगाऽऽ... अक्षतां समर्पयामिऽऽ!"

पगडी गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली. कपाळावरून घाम ओघळत होता.

"मास्तर, साहेब तापले! म्हणतात, तयार आहे तर मास्टर किधर है?"

"पाच मिनिटंऽऽ... पुष्पं समर्पयामिऽऽ!"

"अहो, पाच मिनिटं कसली! ते आसिफाबादचा कागद काढू का, म्हणून विचारून राह्यले!"

"नकोऽऽ!" मास्तर असे ओरडले की समईची ज्योत हलली. "नको... नैवेद्यं समर्पयामि!"

दुर्गाबाईंनी डोळे वटारले. "देवीला नको म्हणून नैवेद्य दाखवतात का रे?"

तिसऱ्या खेपेला पगडी एकटी आली नाही. अंगणात बुटांचे आवाज झाले आणि पायरीखालून एक भारदस्त आवाज आला, "मास्टर! ये क्या मामला है?"

साहेब स्वतः! दीनानाथ मास्तर उठले ते उघड्या अंगानं, कपाळभर कुंकू, कानाला फूल, हातात घंटा. अशा अवतारात आजवर कुणाची नोकरी पक्की झाली असेल, तर मला तरी ठाऊक नाही. त्यांनी सलाम करायला हात उचलला, तर घंटाच वाजली.

साहेबांनी पायरीखाली बूट काढले, ओसरीवर आले आणि उघड्या दारातून आत बघितलं. बघतच राहिले. समया पेटलेल्या, धुपाचा धूर वर चढलेला, आणि त्या धुरातून पंखा फिरवत एक हवाई जहाज निघालेलं. बेगडाचं नाक झळझळत होतं. पंखांवरचं कुंकू, चुना, नीळ, सगळं जागच्या जागी.

"सुभानल्लाह!" साहेब हळूच म्हणाले. "माप तो एकदम बराबर है! और पायलट कौन है?"

मास्तर तोंड उघडणार एवढ्यात दुर्गाबाई आतून म्हणाल्या, "गणपती हाय त्यो!"

साहेब हसले. "फिर तो ये जहाज कभी गिरेगा नहीं! उतारो मास्टर, मैं साथ ले जाता हूँ."

"न्हाई जमनार," दुर्गाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. हेडमास्तर जमिनीकडे बघायला लागले.

"लक्ष्म्या उठेपर्यंत काडी हलत न्हाई आमच्यात. साहेब असो का साहेबाचा साहेब असो!"

साहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "माँजी, कब उठेंगी?"

"उद्या. दिवस कलायच्या आत."

"तो कल सही. माँ का हुक्म सर-आँखों पर. शाम को मेरा चपरासी संदूक लेकर आएगा." मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "मास्टर, काम पसंद आया. अब बस सही-सलामत पहुँचा दो."

दुर्गाबाईंनी साहेबांना उपाशी जाऊ दिलं नाही. ओसरीवर पान वाढलं, आणि साहेबांनी पुरणपोळीवर तुपाची धार तिसऱ्यांदा मागून घेतली. त्यांचा टांगा वळला तसे मास्तर तुळशीपाशी मटकन बसले आणि मोठ्यानं हसले. तीन महिन्यांनी पहिल्यांदा!

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत गेले ते तरंगतच. शाळा सुटल्यावर चपराशी आला. दोघांनी मिळून संदुकीत कापूस अंथरला, पंखांसाठी कोपरे केले, शेपटीसाठी उशी केली. नवजात पोराला झोपवावं अशी तयारी! संदूक डोक्यावर घेऊन चपराशी आणि पुढे मास्तर, असे घराकडे निघाले.

वाटेत गोजरबाई भेटल्या. त्यांच्या काखेत सुपासारखं काहीतरी होतं. पांढरं. लांब. टोकाला कुंकवाचा ठिपका, भोवती चुना, भोवती नीळ.

मास्तर थांबले. "गोजरबाई... हे काय हो?"

"परसाद!" गोजरबाईंचा चेहरा फुललेला. "लक्ष्म्या उठल्या, फुलोरा सोडला. माझ्या वाट्याला पंख आला! कणगीवर ठेवते, बरकत येईल."

मास्तर धावले. समोरून आणखी बायका येत होत्या. एकीच्या ओटीत करंजी आणि अभ्रकाचं झाकण. एकीच्या हातात साटोरी आणि पंखा. पलीकडच्या घरात विमानाचं नाक पाळण्यावर बांधून झालंही होतं, आणि खालचं तान्हं बेगडाकडे बघून हसत होतं. घराच्या दारात अरुंधती उभी, थकलेली पण कृतार्थ.

"अहो, तुमचं विमान सगळ्यांना पुरलं बघा! एकही सवाशीण रिकामी गेली न्हाई!"

"अगं, पण का?" मास्तर कळवळले. "साहेबांना द्यायचं होतं न्हवं? काल समोर कबूल झाल्तं!"

दुर्गाबाई आतून म्हणाल्या, "उठेपर्यंत हलत न्हाई, एवढंच म्हन्ले मी. सोडलं की! फुलोऱ्यात बांधलेलं घरात ठेवायचं नसतं, वाटायचं असतं. साहेबांचा वाटा ठेवलाय बाजूला."

साहेबांचा वाटा ताटात होता. एक करंजी, एक कानोला, विमानाची शेपटी आणि कोटाचं एक बटण.

"अन् पाय... गणपती? गणपती कुठंय?"

दुर्गाबाई नुसत्या चघळत होत्या.

"माय! पायलट खाल्लास?"

"विसर्जन झालं की सुपारी ती सुपारीच," दुर्गाबाई पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत म्हणाल्या. "पन चांगली होती रे. कुठून आणल्तीस?"

मास्तर उलट पावली गोजरबाईंकडे गेले. "पंख परत द्या, पाया पडतो!" गोजरबाईंनी पंख पाठीमागे लपवला. "परसाद परत मागता? मास्तर असून? उद्या माझ्या कणगीला किडे पडले तर तुमी भरून देनार का?" सगळीकडे हेच. संपूर्ण गावात विमान होतं, पण विमान कुठंच नव्हतं. चपराशी ओसरीवर उघड्या संदुकीपाशी बसून होता आणि मधून मधून विचारत होता, "साहब को क्या बोलूँ?"

मास्तर उंबऱ्यावर बसले आणि रडायचेच बाकी राहिले. आसिफाबाद आता नुसतं जवळ नव्हतं. संदूक घेऊन दारात आलं होतं.

अरुंधतीनं शेपटी उचलली, उलटसुलट केली. विमान गेलं तर आसिफाबाद, हे तिला आता कळलं होतं आणि जीव कासावीस झाला होता. "अहो, मी एक इचारू का? लढाईत विमानं पडत न्हाईत का हो?"

"पडतात की. मंग?"

"मंग हे पडलेलं हाय म्हणून सांगा. दुश्मनाचं!"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. शेपटीकडे बघितलं. मग एकदम ओरडले, "अगं, पट्टे! पट्टे सरकारचे हायेत! हे पडलं म्हणून सांगितलं तर आसिफाबाद न्हाई, थेट तुरुंग!"

मग काय घाई! मास्तर शेपटीवरचे पट्टे नारळाच्या करवंटीनं खरवडतायत, अरुंधती कडा समईवर जाळतेय, दुर्गाबाई चुलीतली काजळी पुरवतायत. जुन्या परातीत काळी माती भरली, शेपटी तिच्यात तिरपी खुपसली, बटणाचं चाक थोडं लांब टाकलं. दोन मोडक्या कामट्या, जरा राख. चपराशानं परात संदुकीत ठेवली, करंजी-कानोला रुमालात बांधून घेतला आणि "अल्लाह मालिक" म्हणून निघाला.

नुमाइश होईपर्यंत टांग्याची घुंगरं वाजली की मास्तर परसात जायचे. शेवटी एका टळटळीत दुपारी बद्रीनाथ हेडमास्तर धापा टाकत आले.

"मास्तर! तुमचं पडलेलं विमान जालन्यात पहिलं आलं! बाकीच्या शाळांची सगळी धडधाकट, तिकडं कुनी ढुंकून बघेना. तुमच्या परातीपुढं मात्र ही झुंबड! साहेब म्हणाले, ऐसा दिमाग देखा नहीं!"

मास्तरांनी त्यांचा हात धरला. "मंग... मुस्तकिल?"

"मुस्तकिल! अन् वर बढती. हुन्नर शिकवायचे मास्तर म्हणून!"

"अगं ऐकलंस का!" मास्तर आत ओरडले. अरुंधती पीठभरल्या हातानं धावत आली. दुर्गाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मास्तरांनी हेडमास्तरांना मिठीच मारली. "अन् बढती कुठल्या शाळेवर?"

बद्रीनाथ हेडमास्तर जमिनीकडे बघायला लागले.

"बद्रीनाथराव? कुठल्या शाळेवर?"

"साहेब म्हणाले," हेडमास्तर जमिनीलाच सांगू लागले, "की बिनखर्चात एवढं करणाऱ्या माणसाला लाकूड फुकट मिळेल अशा ठिकाणी ठेवलं पाहिजे. अन् रियासतीत तसं रान एकाच बाजूला हाय..."

मास्तर हळूच आत गेले. खुंटीवरची घोंगडी काढली, अंगावर ओढली आणि ओसरीवर येऊन बसले.

"अहो, एवढ्या उन्हात घोंगडी?" अरुंधती घाबरली. "ताप आला का?"

"न्हाई," मास्तर घोंगडीतून म्हणाले. "सवय करून राह्यलो!"